सुकराम बुडग्याचं झाड

यंदा मोहफुलं लवकर गळायला लागली आणि सत्यभामाची कंबर नेमकी त्याच आठवड्यात धरली. घरात माणसं होती, पण हाताशी कुणी नव्हतं. सून दिव्या ओली बाळंतीण. लेक दुर्गेश गोंदियाजवळ कुडव्याला टाइल्सच्या दुकानात माल उतरवायला. आणि नवरा झामसिंग गावाच्या जंगल समितीचा फायरवाचर, म्हणजे पाठीवर पाला उडवायचं पेट्रोलचं मशीन बांधून दिवस उगवायच्या आत घराबाहेर. वणवा लागलाच तर तो पुढे सरकू नये म्हणून उन्हाळाभर तो जंगलातल्या जाळरेषांवरचा पाला फुंकत हिंडे. साऱ्या रानाचा पाला झामसिंगनं काढायचा आणि त्याच्या घरच्या झाडाखालचा त्याच्या बायकोनं कंबरेवर हात ठेवून खराट्यानं ओढायचा, असा तो संसार होता.

घरचं झाड म्हणायचं एवढंच. धावडाटोल्याचं जंगल सरकारचं, झाडही सरकारचं. पण खाली पडलेलं फूल कुणाचं, हे आजापणजापासून ठरलेलं. एका घराच्या मोहाखाली दुसरं घर वाकत नसे. सत्यभामाचं झाड नाल्याच्या काठावर होतं, जुनं, बुंध्याशी पोकळ झालेलं, पण फुलाला दिलदार. त्याच्या मावळतीला हाकेच्या अंतरावर सुकराम बुडग्याचं, म्हणजे म्हाताऱ्या सुकरामचं, झाड. उगवतीला नाला ओलांडला की गावानं राखलेला बांबू.

मोहाचं फूल पाल्यात पडलं की हरवतं. म्हणून जुनी रीत अशी, की फुलं गळायच्या तोंडावर झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा. भुई काळी झाली की फुलं लांबून दिसतात, दोन्ही हातांनी वेचता येतात. सत्यभामाच्या सासूनं आयुष्यभर तेच केलं. पण जंगलाच्या सामूहिक हक्काचा पट्टा गावाला मिळाला आणि रीत बदलली. समितीचा अध्यक्ष उमेंद्र कुमरे. बारावी झालेला पोरगा, मोटारसायकलवर फिरणारा, पण कामाचा. त्यानं सभा घेऊन गावाकडून नियम करून घेतले. ओल्या झाडाला कुऱ्हाड नाही. बांबू एका अंगानं तोडायचा, दुसरं अंग वाढू द्यायचं. आणि मोहाखाली आग नाही, कारण ती आग मोहाखाली थांबत नाही. पेटवणाऱ्याला दंड लावू, असं तो त्या सभेत म्हणाला होता.

तेव्हा बायकांतून उठली कोण? हीच सत्यभामा.

"दंडानं का होते गा?" पदर खोचून ती बोलली होती. "मानूस दंड भरते अना मोकरा होते. ज्यानं आग लावली त्याचं झाडच काढून घ्या! मग पाहा कोन लावते ते."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. उमेंद्रनं तसाच ठराव लिहिला. घरी येताना झामसिंगनं तिला "मास्तरीन" म्हणून चिडवलं आणि ती दोन दिवस खरंच मास्तरणीसारखी चालली.

आता तीच मास्तरीण पहाटेपासून खराटा ओढत होती आणि वारा तिच्या पाठीमागून ऐनाचा पाला परत आणून टाकत होता. वाकलं की कंबरेतून कळ निघे ती थेट टाचेपर्यंत. शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत रांगत पाल्यात हात घालून फुलं चाचपू लागली. तेवढ्यात शेजारघरची चेतना भरली टोपली डोक्यावर घेऊन वाटेनं आली.

"काकी, फुलं वेचून राहिल्या का पाला?" ती टोपलीत डोकावून हसली. "असंच रांगान तं उद्या तुमाले अस्वल समजून लोक पळतीन ना."

सत्यभामा हसली, पण तिला रडू आलं होतं. कोवळ्या पोरीनं रांगताना पाहिलं याचीच लाज तिला कंबरेपेक्षा जास्त दुखली.

दुसऱ्या दिवशी ती येताना काडेपेटी घेऊन आली.

तिनं सगळं रीतसर केलं, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. दव असतानाच आली. आधी झाडाभोवती गोल पट्टा झाडून भुई उघडी केली. पळसाची ओली फांदी हाताशी ठेवली, पाण्यानं डबडी भरून घेतली. मगच पाला पेटवला. ओला पाला धुमसत, कुरकुरत जळाला. आग जीभ बाहेर काढील तिथे तिनं फांदीनं झोडपलं, पाणी मारलं, राखेवरून अनवाणी पाय फिरवून पाहिला. फक्त बुंध्यातली पोकळी राहिली. दरवर्षी ती त्या पोकळीच्या तोंडाशी दगड रचत असे. यंदा अस्वलानं मधाच्या नादात ते उकरून टाकले होते. तिनं ते पाहिलं होतं. दगड जड होते आणि कंबर तिचीच होती. उद्या रचू, असं तिनं ठरवलं.

"काय जरून राहिलं वो?"

सुकराम बुडगा त्याच्या झाडाखालून विचारत होता. बुडग्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता, माणूस जवळ आल्याशिवाय ओळखू येत नसे. पण नाक शाबूत होतं. बायको मेल्यापासून तो एकटा राही. उकडलेली मोहफुलं आणि लाखोळीची डाळ यांच्यावर त्याचा पावसाळा निघे. तोंडात सदा बिडी.

सत्यभामाची जीभ तिच्याआधी तयार होती.

"काई नाई मामाजी. तुमची बिडीच."

"मायी?" बुडग्यानं तोंडातली बिडी काढून बोटांनी चाचपली. "असन, असन," म्हणत तो स्वतःशीच हसला.

काळ्या भुईवर तिची टोपली बघता बघता भरली. किती दिवसांनी ती ताठ मानेनं घरी गेली.

ऊन चढलं, पश्चिमेचा वारा सुटला, आणि ती अंगणात फुलं पसरत असताना नाल्याकडून बंदुकीचे बार उडाल्यासारखे आवाज यायला लागले. बांबू फुटत होता. एकेक पेर तापून फुटत होतं. गावातली माणसं हातातलं काम टाकून पळाली. सत्यभामाही पळाली. कंबर तेव्हा दुखली की नाही, हे तिला नंतर आठवेना.

तिचं झाड आतून पेटलं होतं. पोकळीतून आत गेलेली ठिणगी दुपारपर्यंत गपचूप बसली होती आणि आता वरच्या ढोलीतून भट्टीच्या धुराड्यासारखी आग ओकत होती. वाऱ्यानं ती नाल्यापलीकडे फेकली होती. बाया पळसाच्या फांद्यांनी झोडपत होत्या, पोरं खोकत होती, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. झामसिंग सगळ्यांच्या पुढे होता. त्याचं ते कामच होतं. मशीननं पाला मागे फुंकता फुंकता त्याच्या खांद्यावर ठिणगी पडली आणि गळक्या नळीतल्या पेट्रोलनं ती धरली. त्याला मशीन सोडवता येईना. दोघांनी पट्टे कापून त्याला मातीत लोळवलं तोवर मानेपासून कोपरापर्यंतची आणि पाठीची कातडी सुटली होती.

आग विझली ती जळायला काही उरलं नाही म्हणून. बांबू गेला. येत्या हिवाळ्यात तो तोडायचा होता, साऱ्या गावानं त्याच्यावर डोळे लावले होते, कुणी घराचं छप्पर बदलायचं त्याच्या भरवशावर थांबवून ठेवलं होतं. सत्यभामाचं झाड दुसऱ्या दिवशी सकाळी कोसळलं. सुकरामचं झाड तेवढं हिरवं उभं होतं, कारण ते वाऱ्याच्या मागच्या बाजूला होतं.

सरकारी दवाखान्यातून झामसिंगला मलम लावून घरी आणलं. तो पालथा पडून राही. पाठीवर कापड ठेवता येत नव्हतं आणि माश्या बसू देता येत नव्हत्या, म्हणून सत्यभामा वारा घालत बसे. भात कालवून त्याच्या तोंडाशी घास नेई.

"ज्यानं आग लावली ना," घास चावत तो म्हणे, "त्याचे हात झडोत. किडे पडोत त्याच्या हातात."

"खा ना," ती म्हणे, आणि पुढचा घास त्याच हातांनी देई.

आग कुणी लावली हे ठरवायला समितीनं सभा बोलावली. तिच्या आदल्या दिवशी मात्र तिनं घास पुढे केला तर तो तोंड उघडेना. मग भिंतीकडे पाहतच म्हणाला, "मी पोचलो तवा आपल्या झाडाखाली गोल पट्टा झाडलेला होता."

"फुलं वेचाले झाडाच लागते ना."

"पट्टा झाडलेला होता, वो. पट्ट्याच्या आत सारी राख होती. कारी, भिजलेली राख. आग तं कोरडी राख करते. पानी कोनं मारलं?"

घास तिच्या हातातच राहिला. आतल्या खोलीत दिव्याचं लेकरू रडायला लागलं आणि तिथेच गप्प झालं.

"कंबर लय दुखे," ती एवढंच म्हणाली.

झामसिंगनं डोळे मिटले. तिला वाटलं, आता हा ओरडेल, लाथ मारेल. त्यानं तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मले फायरवाचर कोन ठेवन आता?"

सभा समाजमंदिराच्या ओट्यावर भरली. बाया एकीकडे, माणसं एकीकडे. उमेंद्रचा आवाज बसला होता. बांबू त्यानं पोरासारखा राखला होता आणि जळाला त्या दिवशी तो नाल्यात बसून रडला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"झामसिंगकाका, तुमी पहिले पोचले," तो म्हणाला. "आग कोठून उठली?"

झामसिंगला खांद्यावर पातळ धोतर टाकून आणलं होतं. त्यानं सत्यभामाकडे पाहिलं. नवरा-बायकोत एवढा वेळ असं बघणं लग्नानंतर कधी झालं नसेल.  सांग, असं तिला वाटलं. नको सांगू, असंही वाटलं.

"धूर होता," तो म्हणाला. "पन सुकराम मामाच्या झाडाकडून आली."

"मग त्याचं झाड काऊन नाई जरलं?" कुणीतरी विचारलं.

"वारा तिकडून इकडे होता ना. पुढचंच जरन."

त्या उत्तरावर माना हलल्या. भाजलेल्या माणसाच्या तोंडून आलेलं, त्याला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी बुडग्याकडे वळून पाहिलं. बुडगा खांबाला टेकून बसला होता. आपलं नाव निघालं हे त्याला उशिरा समजलं.

"मी?" तो म्हणाला. "मी कायले आग लावू, बापा? मी तं झाडतो. हातानं झाडतो."

"बिडी पेत होता का नाई तठी?" उमेंद्रनं विचारलं.

"बिडी पेतो. सारेच पेतेत."

"इझवली होती का?"

बुडगा आठवू लागला. एवढीच त्याची चूक. खोटं बोलता येणारा माणूस ताडकन हो म्हणाला असता. तो खरंच आठवू लागला, ओठ हलवत, बोटं चोळत.

"इझवली असन. इझवतोच मी." मग त्याचा चेहरा उतरला. "पन जरल्याचा वास आला होता मले. सकारीच. मी इचारलं बी होतं सूनबाईले." त्यानं बायकांच्या बाजूला तोंड केलं. "हाये का वो सत्यभामा? मी इचारलं होतं ना, काय जरून राहिलं मनून? तं तू मनली, तुमची बिडीच. मनली होती ना?"

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. चेतना अगदी शेजारी होती.  ती बिडी नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. ते बोललं तरी तिचं झाड गेलेलंच होतं, ते परत जाणार नव्हतं. पण नवऱ्याचं काम जाणार होतं, त्याची भाजलेली पाठ साऱ्या गावाच्या थट्टेची होणार होती, आणि झाड काढून घ्या म्हणून पदर खोचणारी मास्तरीण उघडी पडणार होती. हे तिच्या मनात एवढं स्पष्ट आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की सगळे बघून राहिले.

"हव," ती म्हणाली. "मनली होती."

"पाहा," बुडगा लोकांना म्हणाला. त्याच्या बोलण्याला साक्ष मिळाली याचंच त्याला क्षणभर बरं वाटलेलं दिसलं. मग आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो खांबाला धरून खाली सरकला.

पुढचं काम वेळ खाणारं नव्हतं. ठराव होताच. बुडग्याचं झाड काढून घ्यायचं. ते द्यायचं कुणाला, तर ज्यांचं झाड आगीत गेलं आणि ज्यांचा माणूस आग विझवताना भाजला त्यांना. यात कुणाला वावगं वाटलं नाही. उमेंद्रनंसुद्धा मान खाली घालूनच विचारलं, "ज्यायले मान्य हाये त्यायनं हात वर करा."

हात वर झाले. सुकरामनंही केला. सभेत हात वर करायचा असतो, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

रात्रभर झामसिंग पालथा पडून होता आणि ती त्याच्या उशाशी होती, पण दोघंही जागी आहेत हे एकानं दुसऱ्याला कळू दिलं नाही. पहाटे तो म्हणाला, "जा. फुलं पडून राहिली असतीन."

ती गेली. जळक्या झाडाजवळून जाताना तिनं तिकडे पाहिलं नाही. सुकरामच्या झाडाखाली पोचली तर खालची भुई अंगणासारखी लख्ख झाडलेली. खराट्याच्या ताज्या रेघा. पाला एका बाजूला नीट ढीग लावलेला. आणि खोडाशी उकिडवा बसलेला सुकराम, हातात खराटा, तोंडात बिडी नाही.

तिला वाटलं, भांडायला आला. तसं असतं तर तिला सोपं गेलं असतं. तिनं टोपली कंबरेवर घट्ट धरली.

"आली का सूनबाई?" तो आवाजाच्या दिशेनं म्हणाला. "झाडून ठेवलं. तुयी कंबर दुखते मनून आयकलं."

"तुमी कायले आले, मामाजी? समितीनं..."

"मालूम हाये. झाड तुयं हाये आता. मी फूल नाई घेत." तो उठायला गेला, गुडघे वाजले, परत बसला. मग दोन्ही हात जोडले. तिच्या सासऱ्याच्या वयाचा माणूस. "माफी मागाले आलो, वो. तुयं झाड मायापायी गेलं. झामसिंगची पाठ मायापायी जरली. मी रात्री लय आठोलं. इझवलीच नसन मी. नाई तं तू कायले मनली असती?"

सत्यभामाच्या घशाशी सगळं आलं. दव, काडेपेटी, उकरलेले दगड, सगळं. वर फांदीवरून फुलं टपटप पडत होती, भरघोस पडत होती. यंदा हे झाड तिच्या झाडापेक्षाही जास्त फुललं होतं.

"असू द्या, मामाजी," ती म्हणाली. "झालं ते झालं."

बुडग्यानं मोठा श्वास सोडला. त्याच्या साऱ्यानं भरलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो तिला आशीर्वाद देऊ लागला. तुझ्या नातवाला आयुष्य लाभो म्हणाला. तिला ते ऐकवेना, म्हणून ती वाकली आणि वेचू लागली. कंबरेत कळ आली तशी थांबली.

"मी वेचू लागतो," तो म्हणाला. "मले डोरे नाई लागत. हे झाड मले हातानं मालूम हाये. तुयाच टोपल्यात टाकतो. घरी बसून का करू मी?"

नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही, कारण टोपली लवकर भरणार होती. दोघंही वेचू लागले. बुडगा चाचपत चाचपत सरके, भुईवरून तळहात फिरवी आणि ओंजळ भरली की आवाजावरून तिची टोपली ओळखून तीत टाकी. ऊन अंगावर आलं तेव्हा टोपलीवर शीग चढली होती. ती उचलून तिनं डोक्यावर ठेवली.

"थांब, सूनबाई," सुकराम म्हणाला.

त्यानं धोतरावर कंबरेला बांधलेला पंचा सोडला. दोन्ही टोकं धरून तिच्यासमोर झटकला. मग फाटक्या बनियनचा खालचा काठ उलटा करून दाखवला, मग दोन्ही तळवे पसरले.

"लोकायचा मायावर इश्वास नाई राहिला आता," तो म्हणाला. "तू आपली पाहून घे, बाई. काई नेलं नाई मी."

पंच्याच्या मुरडीतून एक फूल खाली पडलं होतं. त्याला ते दिसलं नव्हतं.

सत्यभामानं डोक्यावरची टोपली एका हातानं सावरली, दुखऱ्या कंबरेतून हळूच वाकली, आणि ते फूल उचलून टोपलीत टाकलं.